मुक्कामाचा धर्म

१

मराठी माणूस पत्ता लिहिताना गावाच्या नावाआधी 'मु. पो.' ही अक्षरे सहज लिहून जातो. त्यांतील 'पो.' टपालखात्याबरोबर आले, 'मु.' त्याहून पुष्कळ जुने. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उभे राहण्याची जागा असा आहे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला, मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात रुळला, आणि फौजेचा किंवा स्वारीचा तळ जेथे पडला असेल त्या गावाच्या नावाला जोडून येऊ लागला. सूफी साधकांनी हाच शब्द साधनेच्या पायरीसाठी योजला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहत आलो त्या घराचा पत्ताही आपण वाटेत थांबलेल्या माणसाच्या शब्दाने सुरू करतो, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

वाटचालीविषयी आपल्या संतांनी, प्रवाशांनी आणि ललित लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. थांबण्याविषयी त्या मानाने फार थोडा विचार झालेला दिसतो. दूरच्या पल्ल्याला पायी निघालेला मनुष्य एखाद्या मोठ्या गावात एक दिवस थांबतो. पाय शेकतो, कपडे धुतो, तुटलेली चप्पल शिवून घेतो, पिठामिठाची पिशवी भरून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे निघतो. वरवर पाहता यात विचार करण्यासारखे काही नाही. परंतु थोडे थांबून पाहिले तर दोन प्रश्न समोर येतात. हा न चालण्याचा दिवस चालण्याच्या व्रताचा भाग आहे की व्रतातील खंड आहे? आणि ज्या गावात तो थांबला त्या गावाचे व त्याचे परस्परांशी नैतिक नाते कोणते?

हा प्रश्न रायपूरच्या तात्यापाऱ्यात बसून विचारण्याला कारण आहे. छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे वस्ती, मोहल्ला. तात्यापारा ही रायपुरातील मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. ती ज्या जी. ई. रोडला लागून आहे तो रस्ता पश्चिमेस दुर्ग, राजनांदगाव करीत नागपूरकडे आणि पूर्वेस संबलपूरच्या बाजूने बंगालकडे जातो. रेल्वे येथवर येण्यापूर्वी नागपूरहून रायपूर गाठणे म्हणजे बैलगाडीचा पंधरवड्याहून अधिक दिवसांचा प्रवास होता. १८७७ मध्ये लहानगा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, असाच बैलगाडीतून येथे आल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. अशा रस्त्यावरच्या गावाला मुक्कामाचा अर्थ पुस्तकात शोधावा लागत नाही. तेथील अनेक घरे मुळात कोणाच्या तरी लांबलेल्या मुक्कामातून उभी राहिलेली असतात.

२

विश्रांतीच्या दिवसाकडे पाहण्याच्या दोन रीती सर्वत्र आढळतात. पहिली रीत त्याला देहाची सवलत मानते. मन पुढे जाऊ इच्छिते, देह थकतो, म्हणून नाइलाजाने थांबायचे. दुसरी रीत त्याला बक्षीस मानते. इतके कोस चाललो, आता एक दिवस सुखाचा. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे: दोन्ही ठिकाणी विचार फक्त चालणाऱ्याचा आहे. गाव हे केवळ त्याच्या गरजेचे किंवा सुखाचे साधन.

आधुनिक पदभ्रमणाच्या भाषेत ही गोष्ट फार स्पष्टपणे उमटली आहे. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ॲपलेशियन ट्रेल ही साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब पायवाट आहे. तिच्यावर महिनोन्‌महिने चालणारे लोक गावात थांबण्याच्या दिवसाला 'झिरो', म्हणजे शून्य, असे म्हणतात. त्या दिवशी वाट शून्य मैलांनी पुढे सरकली म्हणून. पुढच्या टप्प्याचा शिधा कित्येक जण स्वतःच स्वतःच्या नावे पुढच्या गावच्या टपालघरात पाठवून ठेवतात. आपला 'मुक्काम पोस्ट' हा जोडशब्द तेथे अक्षरशः खरा झाला आहे! ही सोय चोख आहे आणि तिच्यात गैर काही नाही. त्या वाटेवरही अनोळखी पांथस्थांना जेवू घालणारी, गाडीतून गावात नेणारी माणसे भेटतात. परंतु 'शून्य' हा शब्द हिशेबाचा आहे. ज्या दिवशी कोणी आपल्याला पाणी दिले, अंगण दिले, जखमेवर पट्टी बांधली, तो दिवस वहीत शून्य म्हणून मांडला जावा, यात मोजमापाची एक उणीव दिसते. अंतर मोजणारी पट्टी माणसे मोजू शकत नाही.

देहाच्या सवलतीचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि त्याचे एक मोठे उदाहरण मराठी माणसाच्याच आयुष्यात सापडते. विनोबा भाव्यांची भूदानयात्रा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे मिळालेल्या पहिल्या भूमिदानापासून सुरू झाली. रोज पहाटे निघायचे, रोज नवे गाव गाठायचे, असा तिचा क्रम. डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारातील चांडिल येथे त्यांना घातक हिवतापाने गाठले. प्रारंभी त्यांनी औषध घेण्याचे नाकारले. प्रकृती ढासळत गेली, सहकाऱ्यांनी आणि राज्यातील प्रमुखांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी ते घेतले. पुढे मार्च १९५३ मध्ये सर्वोदय संमेलनही चांडिललाच भरले.

या प्रसंगाकडे व्रतभंग म्हणून पाहणारे असतील, तसेच विवेक म्हणून पाहणारेही असतील. मला त्यातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. औषध नाकारताना निर्णय एकट्याचा होता. घेताना तो इतरांच्या काळजीला दिलेला होकार होता. चालणारा मनुष्य रस्त्यावर स्वतःचा धनी असतो. मुक्कामावर त्याला दुसऱ्याचे ऐकावे लागते, दुसऱ्याच्या हातचे घ्यावे लागते. स्वावलंबनाचा अभिमान जेथे उतरवून ठेवावा लागतो अशी ही जागा आहे. म्हणून मुक्काम ही देहाला दिलेली सवलत आहे असे म्हणणे अपुरे ठरते. अहंकाराला बसणारा तो एक आवश्यक पायबंदही आहे.

३

दुसऱ्याच्या दारी थांबायचे म्हटले की किती थांबायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. जुन्या परंपरांनी या प्रश्नाची उत्तरे आश्चर्य वाटावे इतक्या नेमकेपणाने दिली आहेत. मनुस्मृतीने अतिथी या शब्दाची फोडच अशी केली आहे की, जो एकच रात्र राहतो, ज्याची स्थिती नित्य नाही, तो अतिथी. संन्यासधर्माच्या ग्रंथांत गावात एक रात्र, नगरात पाच रात्री आणि पावसाळ्यात मात्र एकाच ठिकाणी वास, असे दंडक आढळतात. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन मुनींचा चातुर्मास सर्वश्रुत आहेत. पहिल्या-दुसऱ्या शतकातला, आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचे आचार सांगणारा 'दिदाखे' नावाचा छोटा ग्रंथ आहे. तो सांगतो की, फिरत्या धर्मदूताने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटाच. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गावर सार्वजनिक यात्रीनिवासांत आजही सामान्यतः एकच रात्र राहता येते. आजाऱ्याला तेवढी सूट.

एकमेकांना न ओळखणाऱ्या या परंपरा एकाच निष्कर्षावर का आल्या असाव्यात? एक कारण उघड आहे. थांबण्याची मर्यादा नसेल तर यात्रिकाचा आश्रित होतो आणि आश्रिताचा हळूहळू हक्कदार होतो. यजमानाला 'आता निघा' म्हणण्याचा संकोच असतो. तो संकोच नियमाने त्याच्यावरून उतरवला. दुसरे कारण मागून येणाऱ्याचे आहे. धर्मशाळेतील जागा माझ्यासाठी रिकामी होती, कारण काल कोणी तरी ती सोडून गेला होता. मी ती सोडली तरच उद्या ती दुसऱ्यासाठी रिकामी असेल. म्हणजे मुक्कामाच्या नीतीत यात्रिक आणि यजमान यांच्याबरोबर एक तिसरा मनुष्य असतो. तो अद्याप आलेला नाही, दिसत नाही, पण त्याचा वाटा ठेवूनच पाय पसरायचे असतात.

शिधा भरून घेण्याचा विचारही याच अंगाने करावा लागतो. नर्मदापरिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवून, पात्र न ओलांडता चालायचे असते. परंपरेने तिचा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा सांगितला आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मुळे ही वाट मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. परिक्रमावासीयाने संग्रह करायचा नसतो. वाटेवरच्या आश्रमांत आणि गावांत त्याला सदावर्त मिळते. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा. आणि तो त्याने स्वतः रांधून खायचा असतो. बौद्ध विनयाने तर भिक्षूला अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यास मनाई केली, आणि तूप, लोणी, तेल, मध, गूळ हे पदार्थ औषध म्हणून ठेवण्यास सात दिवसांची मुदत दिली. आजाऱ्याची सोय पाहिली, साठ्याची वाट बंद केली. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे, हेही येथे आठवावे. भिक्षा ही जनांशी संबंध ठेवण्याची रीत म्हणून समर्थांनी तिचा विचार केला.

या सर्व नियमांमागील सूत्र असे मांडता येईल: पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढे घ्यावे. त्याहून कमी घेतले तर वाटेत कोणाच्या तरी अडचणीचे कारण व्हावे लागते, आणि त्याहून अधिक घेतले तर पुढच्या गावावरचा विश्वास सुटला असे होते. पाठीवरचे ओझे हे पुष्कळदा पुढच्या माणसांविषयीच्या अविश्वासाचेच ओझे असते.

४

परंपरेचा असा गौरव करणे सोपे आहे. ती प्रत्यक्षात कशी वागली हेही पाहिले पाहिजे; आणि त्यासाठी महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या पदयात्रेच्या सर्वांत मोठ्या मुक्कामाकडे, म्हणजे पालख्यांच्या पुण्यातील मुक्कामाकडे, वळावे लागते.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला ज्ञानोबांची आळंदीहून. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री थांबतात. तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या देवळात, ज्ञानोबांची भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळात. त्यानंतर ज्ञानोबांच्या पालखीपुढे दिवे घाट आणि सासवडचा मोठा पल्ला असतो, आणि तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवतच्या मार्गाला लागते. म्हणून पुण्याचा दिवस हा साजसामान नीट करण्याचा दिवस. दिंड्यांच्या मालमोटारींत शिधा भरला जातो, तंबूंच्या दोऱ्या पाहिल्या जातात. शाळा, वाडे, मंडळांचे मांडव यात्रिकांना मोकळे होतात. केशकर्तन करणारे विनामोबदला दाढी-हजामत करतात, चर्मकार वहाणा शिवून देतात, डॉक्टर पायांचे फोड पाहतात, कोणी पाय चेपून देतात. ज्यांच्या हातात कला आहे त्यांनी ती दिली, ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनी अन्न दिले. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला न उभे राहणारे हे शहर दोन दिवस यजमान होते.

पण मुक्कामाचे सत्य येथे संपत नाही. इरावती कर्वे यांनी वारीबरोबर चालून लिहिलेला 'वाटचाल' हा लेख १९४९ च्या 'परिपूर्ती'त आहे. त्यातील एक निरीक्षण मराठी विचारविश्वाने कधीही विसरू नये असे आहे. वाटेने सर्व जण एकत्र चालत होते, एकच अभंग म्हणत होते; जेवणाची वेळ झाली की एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा यांच्या चुली व पंगती वेगळ्या होत. लेखिकेला त्याचे दुःख होते, आणि समाजशास्त्रज्ञ म्हणून त्याची नोंद करण्याचे धैर्यही होते.

चालताना समता पाळणे तुलनेने सोपे असते. रस्ता कोणाच्याच मालकीचा नसतो, सर्वांचे तोंड एकाच दिशेला असते, अंगावर धूळ सारखीच बसते. चूल पेटते, पाणी भरले जाते, अंथरूण पसरले जाते, तेव्हा 'कोणी कोणाजवळ' हा प्रश्न येतो. जातीचे शास्त्र मुख्यतः अन्न, पाणी, लग्न आणि निवारा यांचे शास्त्र आहे. आणि त्यांतील तीन गोष्टी मुक्कामाच्याच आहेत. म्हणून एखाद्या पंथाची समता तपासायची तर त्याच्या मिरवणुकीपेक्षा त्याच्या मुक्कामाकडे पाहावे. वारीचा अखेरचा मुक्काम पंढरपूर. तेथे चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाबाहेर आहे; त्यांच्या वंशजांना आणि बांधवांना आत जाण्यासाठी मे १९४७ मधील साने गुरुजींच्या उपोषणाची वाट पाहावी लागली. त्या उपोषणासाठी गुरुजींना पंढरपुरात आसरा दिला तो तनपुरे महाराजांच्या मठाने. गाव विरोधात असताना एका दाराने दिलेला हा मुक्काम मराठी समाजाच्या इतिहासात छोटा नव्हे.

ज्ञानोबांच्या सोहळ्यातील एक प्रथा या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. तळावर समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या रिंगण करून उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे सांगायचे असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याजवळ जाऊन तक्रार ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची पुकार होते, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. दिवसभराचा अन्याय रात्रीच्या आत ऐकला जावा, हरवलेले परत मिळावे, आणि त्यानंतरच देवाचे नाव घेऊन झोपावे, अशी ही व्यवस्था आहे. मुक्काम हे वाटेचे न्यायासन असते, असे या प्रथेवरून म्हणता येईल. वेगळ्या चुलींचे गाऱ्हाणे या न्यायासनापुढे दीर्घकाळ आले नाही, ही तिची मर्यादा. पण टाळ वाजवीत राहण्याची सोय तिने ठेवली होती, हे तिचे सामर्थ्य.

५

आतापर्यंत ज्यांच्याविषयी बोललो ते सर्व स्वेच्छेने निघालेले होते. संन्यासी, वारकरी, परिक्रमावासी, गिरिभ्रमण करणारा आधुनिक प्रवासी: प्रत्येकाने वाट निवडलेली होती, आणि परत जायला बहुतेकांना घर होते. निवड नसलेल्या पायी चालणाऱ्याचे काय? हा प्रश्न २०२० साली आपल्या दारात येऊन उभा राहिला.

त्या वर्षी महासाथीमुळे पालख्या पायी निघाल्या नाहीत; पादुका एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. ज्यांना चालण्याचे व्रत होते ते घरी बसले, आणि ज्यांना बसायला घर नव्हते ते चालू लागले. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याहून ते भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या भाकऱ्या रुळांत विखुरलेल्या देशाने छायाचित्रांत पाहिल्या. हे मजूर मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या भागांतले होते. नर्मदेचे उगमस्थान अमरकंटक त्या प्रदेशापासून दूर नाही. परिक्रमावासीयाला पावलोपावली सदावर्त देणाऱ्या मुलखाची ही मुले. त्यांच्याजवळ पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरीही होती. नव्हता तो फक्त मुक्काम.

त्याच मे महिन्यात रायपूरच्या पश्चिम वेशीवरील टाटीबंध चौकात दुसरे दृश्य होते. महाराष्ट्र आणि गुजरातकडून झारखंड, ओडिशा, बंगालकडे निघालेल्या मजुरांचे जथे तेथे येऊन पोहोचत. त्यांना अन्न, पाणी, कुठे चपला दिल्या जात होत्या आणि पुढच्या वाहनांची सोय लावली जात होती. शासन होते, गुरुद्वारे होती, संस्था होत्या, आणि कोणत्याही संस्थेचे नसलेले शेकडो लोक होते. टाटीबंधहून शहरात शिरणारा रस्ता आमापाऱ्यावरून तात्यापाऱ्याच्या चौकात येतो. म्हणजे हा मुक्काम आमच्याच रस्त्यावर पडला होता.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो टाळू नये. पुण्यातील दोन दिवसांचे आतिथ्य असो की टाटीबंधचे काही आठवड्यांचे, हे शहराचे स्वतःचे समाधान नव्हे काय? वर्षभर ज्या मजुराच्या खोलीकडे शहर पाहत नाही त्याला जाताना डाळभात द्यायचा आणि पुण्य पदरी बांधायचे, यात नीती किती आणि सोय किती? आक्षेप खरा आहे. दान देणारा हात नेहमी वर असतो, आणि कायम वरच राहिलेला हात शेवटी आखडतो. परंतु या आक्षेपावरून आतिथ्य खोटे ठरत नाही. ते अपुरे ठरते. वारकऱ्याला दिलेला मुक्काम श्रद्धेच्या पोटी असतो. मजुराला मिळायला हवा होता तो मुक्काम हक्काचा आहे. ज्या शहराच्या भिंती त्याने उभारल्या त्या शहराने त्याला भिंतीच्या आत जागा दिली असती तर त्याला रस्त्यावर यावेच लागले नसते. श्रद्धेचे आतिथ्य आणि हक्काचा निवारा यांची गल्लत करू नये. एकाच्या नावाखाली दुसरे चुकवता येत नाही.

नर्मदेच्या काठी हाच प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले. जुनी पायवाट आणि पिढ्यान्‌पिढ्या परिक्रमावासीयांना अंगण देणारी कित्येक गावे पाण्याखाली गेली. ज्यांनी इतरांना मुक्काम दिला त्यांनाच नवा मुक्काम शोधत हिंडावे लागले. परिक्रमा चालूच आहे. वाट वरून वळवून घेतली आहे. चालणाऱ्याला वाट बदलता येते. यजमानाचे घर एकदा बुडाले की त्याला पाहुणा होण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि अशा पाहुण्याचे स्वागत करायला फारसे कोणी वेशीवर येत नाही.

६

विनोबांची यात्रा डिसेंबर १९६३ मध्ये रायपूरला पोहोचली. त्या वर्षीचे सर्वोदय संमेलन येथे भरले आणि ग्रामदान, ग्रामाभिमुख खादी व शांतिसेना असा त्रिविध कार्यक्रम तेथे स्वीकारण्यात आला. पुढे काही महिन्यांनी, एप्रिल १९६४ मध्ये, तेरा वर्षांनंतर विनोबा पवनारला परतले. रायपूरचा हा थांबा त्या प्रदीर्घ वाटचालीतील अखेरच्या मोठ्या थांब्यांपैकी एक. त्याआधी १९६० मध्ये ते इंदुरात सुमारे महिनाभर थांबले होते. तो काळ त्यांनी शहराची स्वच्छता आणि अशोभनीय भित्तिपत्रांविरुद्धची मोहीम यांत घालवला, आणि तेथेच विसर्जन आश्रम स्थापन झाला. ज्या माणसाला रोज पुढे जायचे होते त्याच्या लेखी नगरातील थांबा हा रिकामा दिवस नव्हता. जमीन मागत फिरणाऱ्याने जेथे थांबायचे तेथे काही काम करून जायचे, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता. भूदानाचे यशापयश हा वेगळा विषय आहे, आणि दानात मिळालेल्या पुष्कळ जमिनीचे पुढे वाटप झाले नाही हे सर्वज्ञात आहे. परंतु पाहुणा गावाला काय देऊन जातो, हा प्रश्न या थांब्यांनी निश्चितपणे पुढे आणला.

हाच प्रश्न येथील मराठी समाजाला स्वतःलाही विचारता येतो. आमचे पूर्वज या मुलखात आले ते सगळेच पांथस्थ म्हणून आले नाहीत. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत छत्तीसगढात उतरले ते फौज घेऊन. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून राज्य केले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी कारकुनी, वकिली, शिक्षकी, वैद्यकी करीत मराठी घरे येथे राहिली, नवी येत राहिली. फौजेच्या मुक्कामाला आतिथ्य मिळत नसते, ते वसूल केले जाते. हे ऐतिहासिक सत्य गोड करून सांगण्याचे कारण नाही. वसुलीने सुरू झालेला मुक्काम पुढे सभ्य वस्तीत बदलू शकतो काय, आणि कशाने?

एक उत्तर माधवराव सप्रे यांच्या आयुष्यात दिसते. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी गृहस्थाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले ते हिंदीत. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. घरातली शिदोरी त्यांनी ज्या गावात थांबलो त्या गावाच्या ताटात वाढली. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचा अंत झाला. स्वतःची भाषा न सोडता यजमानाच्या भाषेत काम करणे, आणि तेही उपकाराच्या सुरात न करणे, हे लांबलेल्या मुक्कामाचे ऋण फेडण्याचे एक सभ्य रूप आहे. पाहुण्याचा यजमान होतो तो घराचा दाखला मिळाल्याने नव्हे. पुढे येणाऱ्याला दार उघडण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतल्याने होतो.

आरंभीच्या दोन प्रश्नांची उत्तरे आता देता येतील. न चालण्याचा दिवस हा चालण्याच्या व्रताचाच भाग आहे; कारण रस्त्यावर जो नियम स्वतःपुरता पाळायचा असतो तो त्या दिवशी दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या भांड्यांतून, दुसऱ्याच्या भाषेत पाळून दाखवावा लागतो. आणि गावाशी असलेले नाते घेण्याच्या मापाने ठरते, देण्याच्या रीतीने ठरते, तसेच सोडून जाण्याच्या तयारीनेही ठरते. पुढच्या थांब्यापर्यंत पुरेल एवढे घेणे, गाऱ्हाणे असेल तर रात्रीच्या आत ऐकून घेणे, वेगळी चूल न मांडणे, आणि निघताना जागा झाडून ठेवणे, एवढा तो धर्म आहे. त्यात तत्त्वज्ञान फारसे नाही. पण या चार गोष्टी ज्या समाजाला साधल्या त्याच्या वाटेवर कोणाला रुळांवर झोपण्याची वेळ येत नाही.